अन्न, पाणी आणि ऐक्य : ‘स्मृतिचित्रे’च्या आधारे ख्रिस्ती ऐक्यकल्पनेची चिकित्सा

१. प्रस्तावना

मराठी आत्मचरित्रपर वाङ्मयात लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाचे स्थान वादातीत आहे. १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची चर्चा समीक्षकांनी प्रामुख्याने तीन अंगांनी केली. स्त्रीच्या आत्मकथनाचा एक श्रेष्ठ नमुना म्हणून, नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) या कवीच्या सहजीवनाचा आलेख म्हणून आणि बोलीच्या लयीत वावरणाऱ्या प्रांजळ, विनोदी गद्याचा आदर्श म्हणून हा ग्रंथ वाचला गेला. ही तिन्ही वाचने योग्यच आहेत. तथापि ग्रंथात आरंभापासून वाहणारा आणखी एक प्रवाह आहे. तो आहे सोवळ्या-ओवळ्याचा, अन्न-पाण्याचा आणि जातीचा. समीक्षेत त्याचा उल्लेख लेखिकेच्या ‘मनाच्या विकासाचा एक टप्पा’ एवढ्यापुरताच येतो.

प्रस्तुत निबंधात या प्रवाहाला केंद्रस्थानी ठेवून ग्रंथाचे पुनर्वाचन करावयाचे आहे. एका श्रद्धेत आल्यावर माणसामाणसांतील जातीचे व वंशाचे भेद मावळतात, हे ख्रिस्ती धर्माचे प्रतिपादन आहे. महाराष्ट्रात या प्रतिपादनाची खरी परीक्षा झाली ती स्वयंपाकघरात आणि पंगतीत. ‘स्मृतिचित्रे’ हा त्या परीक्षेचा मराठीतील सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज आहे, असे येथे मांडावयाचे आहे. त्याचबरोबर, या दस्तऐवजात कोणाचा आवाज उमटत नाही आणि त्या मौनावर खुद्द ग्रंथच कसा प्रकाश टाकतो, हेही पाहावयाचे आहे.

२. ऐक्य आणि पंगत : नव्या करारातील मूळ वाद

ख्रिस्ती ऐक्याचा विचार करताना पौलाच्या गलतीकरांस पत्रातील तिसऱ्या अध्यायाचा दाखला हटकून दिला जातो. ख्रिस्ताच्या ठायी यहुदी व हेल्लेणी, दास व स्वतंत्र, पुरुष व स्त्री असा भेद उरत नाही, हा त्या वचनाचा आशय. परंतु त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील प्रसंगाकडे फारसे लक्ष दिले जात नाही. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. पुढे यरुशलेमेहून काही कर्मठ मंडळी आल्यावर त्यांच्या धाकाने तो त्या पंगतीतून मागे सरू लागला. तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमक्ष दोष दिला. पेत्राने आपली श्रद्धा बदललेली नव्हती. बदलले होते ते त्याचे जेवणाचे स्थान. आणि पौलाच्या दृष्टीने सत्यापासून ढळण्याला तेवढे पुरेसे होते.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातही असाच प्रसंग आहे. प्रभुभोजनासाठी एकत्र जमलेल्या मंडळीत संपन्न लोक आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. त्याबद्दल पौलाने मंडळीची कानउघाडणी केली. म्हणजे ‘सर्व एक’ हे तत्त्व ज्या पत्रांतून जगापुढे आले, त्याच पत्रांतून त्या तत्त्वाची कसोटीही सांगितली गेली. ती कसोटी म्हणजे एकत्र भोजन.

भारतात या कसोटीला विशेष धार आली, कारण येथील सामाजिक भेदाचे मुख्य साधनच अन्न-पाणी होते. कोणाच्या हातचे पाणी चालते, कोणाच्या हातचे पक्के अन्न चालते आणि कोणाच्या हातचे काहीच चालत नाही, यावर माणसाची पायरी ठरत असे. म्हणून मिशनांपुढे पहिल्यापासून एक पेच उभा राहिला. सतराव्या शतकात रॉबर्तो दे नोबिली यांनी मदुराईत ब्राह्मणी संन्याशाचा आचार स्वीकारून जातिव्यवहाराला सामाजिक रूढीचे स्थान दिले. उलट १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतील मंडळ्यांना जातिभेद पूर्णपणे सोडून देण्याचा आदेश दिला. गोव्यात तर धर्मांतरानंतरही बामण, चारडो, शूद्र ही वर्गवारी कॅथॉलिक समाजात टिकून राहिली. तात्पर्य, बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुऊन निघतेच, असा इतिहासाचा दाखला नाही.

३. महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये मिशनने अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे ठाणे उभारले. आरंभीच्या काही दशकांत हाती आलेल्या मोजक्या ब्राह्मण धर्मांतरितांचा मोठा गाजावाजा झाला. परंतु नगर जिल्ह्यातील मंडळ्या प्रत्यक्षात वाढल्या त्या मुख्यतः महार आणि मांग समाजांतून. १८७६–७८ व १८९९–१९०० च्या दुष्काळांनंतर ही वाढ अधिक ठळक झाली. जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविणारे रेव्ह. नारायण शेषाद्री जन्माने ब्राह्मण होते आणि त्यांचे काम प्रामुख्याने मांग समाजात झाले. अशा उदाहरणांतून दोन टोकांच्या जाती एका मंडळीत आल्या खऱ्या. पण एका मंडळीत येणे आणि एका पंगतीत बसणे यांत अंतर होते.

पंडिता रमाबाईंच्या कार्यात हे अंतर स्पष्ट दिसते. त्या १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. मात्र १८८९ मध्ये मुंबईत काढलेल्या शारदा सदनात उच्चवर्णीय विधवांना आपापला आचार पाळता येईल अशी व्यवस्था त्यांनी ठेवली होती. पुढे १८९६–९७ च्या दुष्काळानंतर केडगावी मुक्ती मिशन उभे राहिले. तेथे अनेक जातींच्या निराधार स्त्रिया व मुली एका छपराखाली आल्या. रमाबाईंची श्रद्धा दोन्ही संस्थांत तीच होती. संस्थेचा भोजनव्यवहार बदलला तो दुष्काळाने. हा मुद्दा पुढील विवेचनात उपयोगी पडणार आहे.

४. ‘स्मृतिचित्रे’तील सोवळे : कथनाची रीत

लक्ष्मीबाईंनी आपल्या कथनाचा आरंभ वडिलांच्या सोवळ्याने केला, ही बाब अर्थपूर्ण आहे. कुटुंबाशी निगडित असलेल्या, १८५७ च्या उठावातील एका फाशीच्या आघातानंतर वडिलांच्या मनात विटाळाची धास्ती बसली, असे त्या सांगतात. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेण्याचा त्यांचा हट्ट आणि त्यापायी घरातील बायका-मुलांची होणारी तारांबळ, हे सारे त्या हसतखेळत रंगवितात. मात्र या विनोदाच्या तळाशी एक गंभीर निरीक्षण आहे. वडिलांचे सोवळे शास्त्रातून आलेले नव्हते. ते भीतीतून आले होते. विटाळ म्हणजे बाहेरच्या जगाचे भय, हे सूत्र लेखिका कोठेही तत्त्व म्हणून मांडत नाहीत. घटना सांगून त्या पुढे जातात. वाचकाच्या मनात मात्र ते सूत्र पक्के रुजते.

या भयाचा वारसा घेऊन वाढलेली मनकर्णिका १८८० मध्ये टिळकांच्या घरी ‘लक्ष्मी’ होऊन येते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने टिळकांना नवा करार दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. हा आघात लक्ष्मीबाईंनी कसा सोसला, याचे वर्णन ग्रंथातील सर्वांत हृदयस्पर्शी भागांपैकी आहे. पुढील काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. यांतील काही काळ त्यांचे वास्तव्य पंढरपुरात होते. पती ख्रिस्ती आणि पत्नी पंढरीच्या आश्रयाला, अशी ही विलक्षण स्थिती होती.

त्यानंतर त्या पतीकडे परतल्या, पण स्वतःच्या जातीसह परतल्या. ख्रिस्ती घरात राहून त्यांनी आपले खाणे-पिणे वेगळे ठेवले. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. या काळाचे चित्रण करताना लक्ष्मीबाई स्वतःला कोठेही पाठीशी घालत नाहीत. आपले सोवळे सांभाळताना होणारी कसरत, त्यातील विसंगती आणि इतरांना होणारा त्रास त्या स्वतःकडेच बोट दाखवून सांगतात. धर्मांतराच्या प्रचारकी कथांत पूर्वायुष्यातील आचार निंदेच्या सुरात येतो. येथे तो हसण्यावारी येतो, आणि हसणारी व्यक्ती स्वतःवरच हसते आहे. जातीच्या अहंतेचे विसर्जन करणारे याहून प्रभावी साधन मराठी गद्यात क्वचितच आढळेल. निंदेने माणूस स्वतःचा बचाव करू लागतो. स्वतःवर हसणाऱ्याला बचाव करण्याजोगे फारसे काही उरत नाही.

५. बाप्तिस्म्याआधीची पंगत

ग्रंथातील निर्णायक वळण या पार्श्वभूमीवर येते. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या मनात उभा राहतो. पशुपक्ष्यांच्या जाती पाहताच ओळखू येतात, माणसांच्या तशा येत नाहीत. सर्वांचे जन्म-मरण सारखे. मग हा भेद माणसाचाच असला पाहिजे, अशा साध्या तर्काने त्या उत्तराप्रत येतात. यापुढे कोणाच्याही हातचे अन्न-पाणी घ्यायचे, असा निश्चय त्या करतात. ख्रिस्ती धर्माचा स्वीकार यानंतरचा आहे. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला.

हा क्रम अत्यंत महत्त्वाचा आहे. मिशनच्या शिकवणीनुसार आधी श्रद्धा, मग बाप्तिस्मा आणि त्याचे फळ म्हणून बंधुभाव, असा क्रम अपेक्षित असतो. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तो उलटा आहे. आधी पाणी, मग पंगत, नंतर बाप्तिस्मा. त्यांच्या तर्कात येशूचे नाव प्रमाण म्हणून येत नाही. तेथे प्रमाण आहे डोळ्यांना दिसणारे माणसाचे शरीर. श्रद्धेने ऐक्य घडविले असे म्हणण्यापेक्षा, ऐक्याचा निर्णय घेतल्यामुळे श्रद्धेची वाट मोकळी झाली, असे म्हणणे ग्रंथाला अधिक धरून होईल.

यावर असा आक्षेप घेता येईल की हा निर्णय ख्रिस्ती वातावरणातच झाला आणि टिळकांचा सहवास नसता तर तो झालाच नसता. आक्षेप रास्त आहे. परंतु वातावरणाने प्रश्न पुढे आणला आणि उत्तर लेखिकेने स्वतःच्या बुद्धीने शोधले, हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. वातावरणाचा प्रभाव एवढाच निर्णायक असता, तर त्याच वातावरणातील अनेक ख्रिस्ती कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या जातिभावनेचा उलगडा झाला नसता.

पुढील भागांत हा निश्चय रोजच्या व्यवहारात उतरलेला दिसतो. टिळकांच्या घरी अनाथ मुले येतात, परके येतात, कोणीही केव्हाही येते. टिळक हातचा पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे होतात आणि चूल पेटविण्याची चिंता पत्नीकडे राहते. येथे ऐक्य उपदेशाच्या पातळीवर राहत नाही. किती माणसे जेवायला आहेत आणि घरात पीठ किती आहे, या हिशेबात ते उतरते. ख्रिस्ती बंधुभावाचा भार प्रत्यक्षात कोण वाहते, याचे उत्तर लक्ष्मीबाई तक्रारीच्या स्वरात देत नाहीत, पण देतात. ते उत्तर म्हणजे घरातील स्त्री. ऐक्याच्या धर्मशास्त्रीय चर्चेत हा मुद्दा अभावानेच येतो.

६. टिळकांचे भक्तिकाव्य आणि ‘देवाचा दरबार’

पत्नीच्या गद्याशेजारी पतीचे काव्य ठेवून पाहिले, तर ऐक्यकल्पनेचे दुसरे रूप दिसते. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. अभंगाचे वळण त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणले आणि परक्या चालींवर पोसलेल्या मराठी ख्रिस्ती गायनाला स्वतःचा सूर दिला. महार-मांग वस्तीतील ख्रिस्ती माणूस आणि ब्राह्मण ख्रिस्ती कवी एका सुरात गाऊ लागले, ही घटना लहान नाही. कीर्तन, भजन, टाळ यांची भाषा दोघांच्याही ओळखीची होती.

तथापि भक्तिपरंपरेचे बळ ज्या वारशातून येते, त्याच वारशातून तिची मर्यादाही येते. वारकरी पंथाने वाळवंटात समता अनुभवली. काल्याचा प्रसाद सर्वांनी एकत्र घेतला. पण वारी संपवून घरी परतलेला वारकरी आपापल्या जातीच्या चुलीपाशीच बसला. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर राहिली आणि पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले होण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. देवापुढे सारे भक्त सारखे, या अनुभवातून एका घराची दुसऱ्या घराशी समता आपोआप सिद्ध होत नाही. टिळकांच्या काव्यात आत्मा आणि ख्रिस्त यांच्यातील नाते उत्कट आहे. शेजारच्या माणसाशी असलेले नाते त्या उत्कटतेच्या मानाने अमूर्त राहते. लक्ष्मीबाईंच्या गद्यात नेमके याच्या उलट घडते. तेथे देव फारसा बोलत नाही, शेजारी सारखा बोलत असतो.

टिळकांना मात्र या उणिवेची जाणीव असावी, असे त्यांच्या अखेरच्या पावलावरून वाटते. १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र आणण्याची ती कल्पना होती. तिच्यात दोन भेदांना एकाच वेळी आव्हान होते. एक परदेशी मिशनरी आणि देशी सेवक यांच्यातील, वंश व वेतन यांवर आधारलेला भेद. दुसरा मंडळीच्या आतला आणि बाहेरचा हा भेद. दुसऱ्या भेदाला हात घालणे विशेष धाडसाचे होते, कारण मंडळीची कुंपणे अनेकदा नव्या जातीसारखीच वागतात.

९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले आणि दरबार संस्था म्हणून टिकला नाही. परंतु त्या विचाराचा धागा तुटला नाही. टिळकांचे चरित्रकार जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये स्थापन केलेल्या ख्रिस्त सेवा संघात भारतीय आणि युरोपीय सभासद भारतीय पद्धतीने एकत्र राहू लागले. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुरे केले, हीदेखील एका अर्थाने याच धाग्याची पुढची वीण होय.

७. ग्रंथातील मौन

येथवरच्या विवेचनात ‘स्मृतिचित्रे’चे मोठेपण अधोरेखित झाले. आता त्याच्या मर्यादेकडे वळले पाहिजे. लक्ष्मीबाईंनी ज्यांच्या हातचे पाणी पिण्याचा निश्चय केला, त्या माणसांना काय वाटले? नगरच्या मंडळीतील महार आणि मांग ख्रिस्ती स्त्री-पुरुष ग्रंथात येतात, जातात, प्रसंगी प्रेमाने रेखाटलेही जातात. पण सोवळ्याच्या पलीकडच्या बाजूने तीच घटना कशी दिसली असेल, हे वाचकाला कळत नाही. आत्मचरित्र लेखिकेचे असल्याने हे स्वाभाविक आहे आणि त्यासाठी तिला दोष देणे अनुचित ठरेल. तरीही समीक्षेने या मौनाची नोंद घेतली पाहिजे, कारण मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या मुख्य प्रवाहात हे मौन पुन्हा पुन्हा आढळते. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, टिळक पतिपत्नी ही या वाङ्मयाची ठळक नावे सवर्ण समाजातून आलेली आहेत. मंडळीतील बहुसंख्य मात्र त्या समाजातून आलेले नव्हते.

या विषमतेमागे धर्मांतराच्या कथेची एक ठरीव घडण आहे. ब्राह्मणाचे धर्मांतर हे त्यागाचे कथानक होते. त्याने घर सोडले, मान सोडला, वतन सोडले. म्हणून त्याचा निर्णय सद्‌सद्विवेकाचा मानला गेला. महाराच्या धर्मांतरात सोडण्याजोगे काय होते, असा प्रश्न विचारला गेला आणि ‘पोटासाठी ख्रिस्ती झाले’ असे उत्तरही परस्पर देण्यात आले. हे उत्तर मंडळीच्या बाहेरचे टीकाकार देत. मंडळीच्या आतील प्रतिष्ठितही मनातून तेच मानीत. एकाच श्रद्धेत आलेल्या दोन माणसांच्या श्रद्धेचे मोल असे वेगवेगळे ठरले. जात पंगतीतून उठली आणि हेतूच्या न्यायनिवाड्यात येऊन बसली.

या ठिकाणी ‘स्मृतिचित्रे’ स्वतःच्या मर्यादेवर मात करते, असे मला वाटते. या ग्रंथात पोट आणि विवेक वेगळे नाहीत. लक्ष्मीबाईंच्या सर्व महत्त्वाच्या निर्णयांत अन्न आहे. पतीपासून दूर राहताना आश्रिताच्या जेवणाची लाचारी आहे. परत येताना वेगळ्या चुलीचा आग्रह आहे. जात सोडताना कोणाच्याही हातचे खाण्याचा निश्चय आहे. संसारात रिकाम्या डब्यांची मोजदाद आहे. कुलीन स्त्रीच्या आध्यात्मिक प्रवासाची कथा अन्नाच्या प्रश्नाखेरीज सांगता येत नसेल, तर अस्पृश्य माणसाच्या धर्मांतरात भाकरीचा प्रश्न होता म्हणून ते हीन कसे ठरते? ज्याला सार्वजनिक पाणवठ्यावर जाता येत नव्हते, त्याला पाणी देणाऱ्या धर्माविषयी वाटलेली ओढ ‘ऐहिक’ म्हणून बाजूला सारता येणार नाही. पाणी नाकारणे ही जर धार्मिक कृती होती, तर पाणी मिळणे हीदेखील धार्मिक घटनाच म्हटली पाहिजे. वर उल्लेखिलेल्या मुक्ती मिशनचा दाखलाही हेच सांगतो. दुष्काळाने एकत्र आणलेल्या स्त्रियांचे ऐक्य शारदा सदनातील ऐक्यापेक्षा कमी अस्सल नव्हते. उलट अधिक व्यापक होते.

८. मंडळीचे ऐक्य आणि समाजाचे ऐक्य

विसाव्या शतकात ‘ख्रिस्ती ऐक्य’ या शब्दाचा अर्थ प्रामुख्याने पंथांचे ऐक्य असा झाला. १९४७ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडियाची स्थापना झाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट आदी परंपरांनी आपापली कुंपणे ओलांडली. युरोप-अमेरिकेतील वादांतून निर्माण झालेले हे भेद भारतीय मंडळीने मिटविले, ही गौरवाची गोष्ट आहे. मात्र परदेशातून आलेले भेद मिटविणे तुलनेने सोपे होते, देशी भेद मिटविणे अवघड ठरले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ख्रिस्ती धर्मांतरितांच्या स्थितीविषयी केलेल्या लेखनात याच जागी बोट ठेवले आहे. धर्म बदलूनही जात मागे येते आणि धर्मांतरितांचा समाज आपल्या अन्यायाविरुद्ध संघटितपणे उभा राहत नाही, ही त्यांची तक्रार मंडळीने गांभीर्याने वाचावी अशी आहे.

शासनव्यवहाराने या पेचात भर घातली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला, पण ख्रिस्ती व मुस्लिम दलित बाहेर राहिले. धर्मांतर करून अन्य धर्मांत गेलेल्या दलितांच्या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. आदेशामागील गृहीत असे की ख्रिस्ती धर्मात जात नाही, म्हणून ख्रिस्ती माणसाला जातीचे दुःख नाही. धर्मतत्त्व म्हणून पूर्वार्ध खरा असेल. पण त्यावरून उत्तरार्ध सिद्ध होत नाही. गंमत अशी की, मंडळीला या प्रश्नावर न्याय मागावयाचा तर आधी आपल्यात जात आहे हे कबूल करावे लागते. ‘सर्व एक’ या वचनाचा अभिमान आणि ‘आम्ही एक झालो नाही’ ही कबुली, या दोहोंच्या मध्ये दलित ख्रिस्ती माणूस उभा आहे.

९. समारोप

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. एक, समान श्रद्धेतून सामाजिक ऐक्य आपोआप निष्पन्न होते, या समजुतीला ‘स्मृतिचित्रे’ दुजोरा देत नाही. ऐक्य हा वेगळा, जाणीवपूर्वक घ्यावयाचा निर्णय आहे आणि तो अन्न-पाण्याच्या व्यवहारात घ्यावा लागतो, असे हा ग्रंथ दाखवितो. नव्या करारातील अंत्युखियाचा प्रसंगही हेच सांगतो. दोन, टिळकांच्या भक्तिकाव्याने मराठी ख्रिस्ती समाजाला एक सूर दिला. त्या सुराला घराची चौकट लक्ष्मीबाईंच्या गद्याने दिली. म्हणून या दोन कृती परस्परपूरक म्हणून वाचल्या पाहिजेत. तीन, या वाङ्मयात बहुसंख्य ख्रिस्ती माणसाची कथा आलेली नाही. तिच्या अभावी ऐक्याचा इतिहास खाली उतरून आलेल्यांच्या त्यागाचा इतिहास होऊन राहतो.

ही तिसरी उणीव भरून काढण्याचे काम एकट्या समीक्षेचे नाही. गावोगावच्या मंडळ्यांतील जुनी दप्तरे, घरोघरच्या आजी-आजोबांच्या आठवणी, ‘ज्ञानोदय’सारख्या नियतकालिकांचे जुने अंक यांतून ते हळूहळू घडू शकेल. लक्ष्मीबाईंचे औपचारिक शिक्षण नाममात्र होते. तरीही आपल्या आयुष्याची हकिगत सांगण्याजोगी आहे, एवढा विश्वास त्यांना वाटला आणि मराठीला एक श्रेष्ठ ग्रंथ लाभला. त्यांच्या पंगतीत बसलेल्या, पण ज्यांचे नाव नोंदले गेले नाही अशा माणसांच्या वारसांना तोच विश्वास वाटेल, तेव्हा ऐक्याची ही कथा दोन्ही बाजूंनी सांगितली जाईल.